एकाच बाजूचा उतार

आधी माफी मागून घेते. माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे मला अजून नक्की कळत नाही. चौथीपर्यंत शिकले आणि शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन्सिल आली नाही, लाटणंच आलं. धंतोलीत दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत एक खानावळ आहे. गावाहून पेशंटसोबत आलेल्या लोकांचे डबे तिथून जातात. तिथल्या पोळ्या मी लाटते. पोळी गोल येते, अक्षर येत नाही.

ही वही माझी मुलगी प्रणाली हिच्या दहावीच्या अभ्यासाची. मागची पानं कोरी होती. कोणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं तरी माझा घसा कोरडा पडतो. पण मिस्त्री आता भंडाऱ्याला त्यांच्या मुलीकडे राहायला गेले आणि वस्तीतली पोरं त्यांच्या गोष्टी आतापासूनच चुकीच्या सांगायला लागली आहेत. मला जशा आठवतात तशा लिहून ठेवते. शिवाय लिहायची ही खोड त्यांनीच लावली, त्यामुळे यातल्या अर्ध्या चुका त्यांच्या नावावर.

मिस्त्री म्हणजे सुतार. लकडगंजात एका आरा मशीनच्या मागे त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. प्रणालीचे बाबा त्याच आरा मशीनवर लाकडं उतरवतात. मिस्त्री दिवसभर दारं-खिडक्या करायचे आणि संध्याकाळी सहा ते आठ आमच्या वस्तीच्या समाजभवनात नाटक बसवायचे. उंच, वाळलेले, कानावर चपटी पेन्सिल. नागपूरच्या उन्हाळ्यातही अंगात जाकीट. कोणी विचारलं, काकाजी, गरम होत नाही का, तर म्हणायचे, "होते ना. पण खिसे कुठून आणू?"

त्या जाकिटाला दोन खिसे होते. एकात सुतळी, एकात फुटाणे.

सुतळी मोजायला. टेप त्यांनी कधी वापरला नाही. म्हणायचे, "टेपले इंच समजते. सुतळीले माणूस समजते." कोणाच्या घरचं दार करायचं असलं की त्या घरातल्या सगळ्यात उंच माणसाला आणि सगळ्यात जाड माणसाला उभं करून सुतळीला गाठी मारायचे. फुटाणे खायला नव्हते. तालमीत कोणी चुकलं की बसल्या जागेवरून एक फुटाणा त्याच्या डोक्यावर. नेम एवढा पक्का की वस्तीतली पोरं चुकल्यावर आधी कपाळावर हात ठेवायची आणि मग वाक्य सुधारायची.

आणखी एक सवय म्हणजे ते कोणालाच नावाने हाक मारायचे नाहीत. नाटकात जे काम मिळालं, तेच नाव. तेही फक्त हॉलमध्ये नाही, सगळीकडे. एकदा रविवारच्या बाजारात भाजीच्या गर्दीतून ओरडले, "ओ सासू! उद्या चष्मा विसरू नको!" ज्या सुनेला सासूचं काम होतं ती आपल्या खऱ्या सासूबरोबर वांगी निवडत होती. म्हातारीच मागे वळली. म्हणाली, "मले चष्मा लागत नाही जी." मिस्त्री म्हणाले, "तुमाले नाही, तुमच्या सुनेले. ती तुमच्यापेक्षा चांगली सासू आहे." घरी गेल्यावर त्या सुनेचं काय झालं असेल ते तिचं तिला माहीत.

आता प्रणालीबद्दल. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. जन्मली तेव्हा रडायला उशीर झाला. तेव्हापासून पाय आखडलेले, डावा हात मुडपलेला. एका शिबिरात बॅटरीची खुर्ची मिळाली, ती उजव्या हाताने चालवते. बोलते स्पष्ट, पण हळू. एक शब्द झाला की दुसरा यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात समोरचा माणूस पुढे निघून गेलेला असतो. म्हणून तिचं अर्धं बोलणं मीच पुरं करायचे. मला वाटायचं, मदत करते.

त्याच समाजभवनात आदल्या वर्षी एका कार्यक्रमात तिला ब्लँकेट दिलं होतं. स्टेजला दोन्ही बाजूंनी तीन-तीन पायऱ्या. चार जणांनी तिला खुर्चीतून उचलून वर नेलं, पाहुण्यांनी खांद्यावर ब्लँकेट टाकलं, फोटो काढला, पुन्हा उचलून खाली. फोटोत तिचे डोळे मिटलेले आहेत. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, माईक माह्या एवढा जवळ होता. पण कोणी म्हटलंच नाही, तू बोल." त्यानंतर महिनाभर तिने एकच लावून धरलं. मले नाटकात जायचं आहे. शेवटी तिचे बाबा मिस्त्रींजवळ भीत भीत बोलले. मिस्त्री म्हणाले, "मग आणा ना. मले काहून विचारता? हॉल का माह्या बापाचा आहे?"

पहिल्या दिवशी आम्ही गेलो तर ते नमस्कार नाही, काही नाही, गुडघ्यावर बसले आणि सुतळीने तिची खुर्ची मोजायला लागले. या चाकापासून त्या चाकापर्यंत एक गाठ. या कोपरापासून त्या कोपरापर्यंत दुसरी. मी वाट पाहत होते की आता विचारतील, काय झालं हिला? सगळे तेच विचारतात, आणि तिला नाही, मला. मिस्त्रींनी मान वर केली आणि तिलाच विचारलं, "आवाज कुठवर जाते? त्या मागच्या भिंतीले काहीतरी बोलून दाखव."

प्रणाली म्हणाली, "भिंतीबाई... तुमाले... "

मी म्हटलं, "ऐकू येते का, असं म्हणते ती."

टक्. माझ्या कपाळावर फुटाणा.

"तिचं वाक्य तिले पुरं करू दे वं बाई," मिस्त्री म्हणाले आणि एक बोट वर धरलं. ते बोट वर गेलं की हॉलमध्ये कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, फक्त थांबायचं. पंधरा माणसं थांबली. पंखा फिरत होता. मग प्रणाली म्हणाली, "तुमाले... रंग कोणी दिला? फारच... वाईट आहे." सगळे हसले. मी जन्म दिलेल्या मुलीला असं काही बोलायचं होतं हे मला ठाऊकच नव्हतं.

मग फीचा विषय निघाला. महिन्याला दोनशे रुपये. पडद्याला, दिव्यांना, चहाला. मी पदराशी चाळा करत म्हटलं, "काकाजी, काही सूट..."

"सूट कायची? ही का अर्धी येते?"

मला राग आला. म्हातारा किती निष्ठुर, असं वाटलं. खानावळीच्या मालकाकडून उचल घेऊन मी दुसऱ्या दिवशी दोनशे रुपये घेऊन गेले, तर तेही घेतले नाहीत. म्हणाले, "हिले अठरा झाले ना? मग हिचा हिशोब हिच्याशी. तू कोण मधात?" मी म्हटलं, "तिच्याजवळ कुठून येणार पैसे?" तर म्हणाले, "म्हणून तर उधार लिहून राहिलो."

उधार लिहायला त्यांच्याकडे वही नव्हती. हॉलच्या दाराआड एक सागाची फळी टेकवलेली असायची. ज्याची फी राहिली त्याचं त्या फळीवर पेन्सिलने नाव, अर्थात नाटकातलं नाव, आणि पुढे आकडा. फिटली की ते रंधा घेऊन तेवढा भाग तासून टाकायचे. प्रणालीची ओळ लिहिली तेव्हा नावाची जागा त्यांनी कोरी सोडली. "तुले अजून नाव नाही," तिला म्हणाले. "मिळालं की लिहू."

ते नाव मिळायला दीड महिना लागला. तोवर ते तिला हाकच मारायचे नाहीत. बोटाने दाखवायचे. ती रोज जाऊन बसायची, दुसऱ्यांची कामं पाहायची, आणि घरी येऊन पुटपुटायची. मी देवाजवळ एवढंच मागत होते की हिला काहीतरी मिळो, आणि जे मिळेल ते ब्लँकेटसारखं नसो.

पोरांनी सुचवलं होतं तसंच. वस्तीतल्या भाड्याच्या खोल्यांवरचं विनोदी नाटक होतं. एक पोरगा म्हणाला, "काकाजी, शेवटी हिले भाडेकरूची अपंग पोरगी दाखवू. बिचारी काही बोलणार नाही, नुसती पाहीन. लोक रडतीन."

मिस्त्री म्हणाले, "झाडू घे."

हा त्यांचा आणखी एक नियम. हॉलमध्ये जो 'बिचारी' किंवा 'बिचारा' म्हणेल त्याने तो सगळा हॉल झाडायचा. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त हॉल मी झाडला. तोंडातून निघून जायचं. माझ्याच मुलीला मी दिवसातून किती वेळा बिचारी म्हणते हे मला झाडूनेच शिकवलं.

त्या पोराने झाडून संपवलं तेव्हा मिस्त्री फळीजवळ गेले, कानावरची पेन्सिल काढली आणि कोऱ्या जागेत लिहिलं. घरमालकीण. म्हणाले, "भाडं मागायले येईन, धमकी देईन आन जाईन. नाटकातलं सगळ्यात खराब माणूस तू. जमते का?"

प्रणालीने खुर्ची गोल फिरवली, दोनदा.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीभर हाका. "ओ घरमालकीण!" पाण्याच्या टाकीजवळ, किराणा दुकानापुढे. अनोळखी लोक घाबरून पाहायचे, कोणाचं भाडं थकलं म्हणून.

मलाही त्याच आठवड्यात नाव पडलं. मी कोपऱ्यात बसायचे, तर माझ्या मांडीवर नाटकाची हाताने लिहिलेली वही टाकली. "वाच. कोणी अडलं की हळूच सांगजो."

"काकाजी, मी चौथी शिकलेली."

"चौथीत वाचता येते. पाचवीत विसरायले शिकवतात."

मी बोट ठेवून ठेवून वाचायचे. दुपारी पोळ्या लाटताना तीच वाक्यं मनात चालायची, आणि एकदा मी डब्यात डाळ जास्त टाकली म्हणून मालकाने हटकलं तेव्हा माझ्या तोंडून घरमालकिणीचं वाक्य गेलं, "पहिल्या तारखेले पाहिजे!" मालक पाहतच राहिला. मिस्त्री मला 'पुस्तक' म्हणायला लागले. धंतोलीच्या चौकात एकदा सायकलवरून ओरडले, "ओ पुस्तक! उद्या लवकर!" मी लाजून दवाखान्याच्या गेटआड गेले.

आता उताराची गोष्ट. प्रणालीला स्टेजवर न्यायचं कसं? बॅटरीची खुर्ची एवढी जड की चार माणसांनाही उचलवत नाही, आणि तिला उचलून न्यायचं नाही हे तिने आणि मिस्त्रींनी दोघांनीही ठरवलं होतं. मिस्त्रींनी दुकानात फळ्यांचे तुकडे जोडून उतार करून पाहिला. एक फुटाणा वर ठेवायचे आणि सोडायचे. फुटाणा धावत खाली आला की म्हणायचे, "पडते पोरगी," आणि उतार आणखी लांब करायचे. करता करता दोन फूट उंच स्टेजसाठी चोवीस फूट लांब उतार झाला. मग प्रणालीच्या बाबांनी हातगाडीवर सिमेंटची पोती लादून ती उतारावरून वर-खाली नेऊन दाखवली.

समाजभवनाच्या समितीच्या अध्यक्षांनी येऊन हिशोब केला. "मिस्त्री, दोन रांगा जाऊन राहिल्या. एका पोरीपायी तीस खुर्च्या कमी."

"मग तीस लोक उभं राहून पाहतीन," मिस्त्री म्हणाले. "त्यायचे पाय चांगले आहेत."

एवढं सगळं सुतळीने मोजणाऱ्या माणसाकडून एक चूक झाली. ती चूक त्यांच्याकडूनच होऊ शकत होती.

त्यांचा एक जुना नियम होता. डावीकडून आलेल्या पात्राने उजवीकडून जायचं. आल्या वाटेने परत जायचं नाही. "नाटक मागे जाते," म्हणायचे. कुठून आणला होता हा नियम कोण जाणे, पण चाळीस वर्षांत त्यांनी तो मोडू दिला नव्हता. आणि तालमी व्हायच्या हॉलच्या फरशीवर, कारण स्टेजवर मंडपवाल्याच्या गाद्या आणि खुर्च्या रचलेल्या असायच्या. फरशीवर खडूने स्टेजचा चौकोन काढलेला. प्रणाली डावीकडून यायची, धमकी द्यायची, उजवीकडच्या खडूच्या रेघेवरून निघून जायची. खडूच्या रेघेला पायऱ्या नसतात. कोणाच्याच लक्षात आलं नाही. उतार दुकानातून तुकड्यातुकड्यांनी आला आणि प्रयोगाच्याच दुपारी बसवला. डावीकडे.

संध्याकाळी सहाला हॉल गच्च भरला. उभं राहणारे तीसच्या वर होते. मी उजव्या बाजूच्या पायऱ्यांखाली वही धरून उभी, मिस्त्री माझ्या शेजारी. पडदा उघडला, भाडेकरू नवरा-बायकोचं भांडण झालं, आणि डावीकडून घूं असा खुर्चीचा आवाज आला. प्रणाली त्या चोवीस फुटांवरून एकटी वर आली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा. लोक आधी गप्प झाले. ब्लँकेटच्या वेळी झाले होते तसेच गप्प. मग ती म्हणाली, "भाडं... पहिल्या तारखेले. दुसऱ्या तारखेले... सामान रस्त्यावर." भाडेकरू थांबले, कारण त्यांना थांबायला शिकवलं होतं. आणि लोकही थांबले. मग हसले. तिसऱ्या वाक्याला तर तिने तोंड उघडायच्या आधीच हसायला लागले.

तिचं काम संपलं. तिने खुर्ची वळवली आणि आमच्या दिशेला आली. काठाला येऊन थांबली.

समोर तीन पायऱ्या.

तिने पायऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी खिशातून सुतळी काढली होती आणि ती नुसती हातात धरून उभे होते.  ओठातल्या ओठात म्हणाले, "अडकली... बिचारी."

तिकडे भाडेकरूंना काय कळणार? त्यांना शिकवलं होतं की घरमालकीण गेली की पुढचं वाक्य. नवरा म्हणाला, "गेली एकदाची!" लोक खो खो हसले, कारण घरमालकीण समोरच होती. बायको म्हणाली, "कायची बाई आहे वं, तोंड पाहिलं का तिचं?" आणि मग त्यांनाही दिसली. दोघंही मधेच थांबले.

मी वही उलटीसुलटी केली. त्यात काहीच नव्हतं. मला एवढंच सुचलं की आपण वर जावं आणि तिला उचलावं. एकोणीस वर्षं मी तेच करत आले. खुर्ची राहू दे, पोरीला तर काखेत घेते. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तेवढ्या लोकांसमोर, दिव्याच्या उजेडात. घसा कोरडा पडला होता, पण पाय गेला.

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं आणि उजव्या हाताचं एक बोट वर केलं.

मी थांबले.

तिने खुर्ची सावकाश वळवली. घूं. भाडेकरूंकडे तोंड केलं आणि म्हणाली, "मी... इथंच आहे. बोला."

हॉल कोसळला हसून. नवऱ्याचं काम करणारा पोरगा हुशार निघाला. हात जोडून म्हणाला, "तुमचंच कौतुक करून राहिलो जी बाई."

"करा," प्रणाली म्हणाली. "मले सवय आहे. लोक... माह्या समोरच... माह्याबद्दल बोलतात." तिने मान वळवून लोकांकडे पाहिलं. "मले... विचारत नाहीत."

हसणं थांबलं. पहिल्या रांगेत अध्यक्ष बसले होते, त्यांनी मान खाली घातली. मीही घातली. पण प्रणाली त्यांच्यावर रागावली नव्हती. किल्ल्यांचा जुडगा वाजवला आणि म्हणाली, "आता मी... आल्या वाटेनं जाते. म्हणजे... परत येता येईन. भाडं काढून ठेवा."

ती डावीकडे गेली आणि उतारावरून खाली उतरली. चोवीस फूट उतरायला वेळ लागतो. खाली पोचेपर्यंत टाळ्या चालू होत्या. मी अजून पायरीवरच उभी होते. अर्धी उजेडात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना हॉलचं दार उघडं दिसलं. आत मिस्त्री एकटे झाडत होते. जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं होतं. मी म्हटलं, "काकाजी, काय झालं?"

"काल मी म्हणलो ना तो शब्द," ते म्हणाले. "तू ऐकला."

"मी कोणाला सांगितलं नाही."

"मग का झालं? मी तं ऐकला." आणि स्टेजखालचा कचरा काढायला वाकले.

झाडून झाल्यावर त्यांनी मला बसवलं आणि पेन्सिल दिली. प्रणालीने काल बोललेली वाक्यं नाटकाच्या वहीत लिहायला सांगितली. आता तेच नाटक, म्हणाले. मी म्हटलं, चुका होतील. म्हणाले, "फुटाणे आहेत." मी लिहायला लागले. शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदा. पाच ओळींना अर्धा तास गेला, खानावळीत उशीर झाला. प्रत्येक शब्दाला मी त्यांच्याकडे पाहायचे. ते काही सांगत नव्हते. एक बोट वर धरून बसले होते.

उजव्या बाजूचा उतार त्यांनी महिन्याभरात केला. त्यावरून आज काठीवाली एक मुलगी आणि डोळ्यांना दिसत नाही असा एक मुलगा वर जातात. त्याच्यासाठी काठाला सुतळी ठोकली आहे, पायाला लागली की कळते, पुढे स्टेज संपलं. त्या दोघांनाही मिस्त्रींनी फी पूर्ण लावली आणि फुटाणेही पूर्ण दिले. पण घरमालकीण मात्र डावीकडूनच येते आणि डावीकडूनच जाते. मिस्त्रींनी तेवढ्यापुरता नियम मोडला. विचारलं की म्हणायचे, "नाटक मागे जात नाही. मी तपासलं."

पुढे त्या नाटकाला बोलावणी यायला लागली. दुसऱ्या वस्त्यांतून, एका कॉलेजातून, एकदा रामदासपेठेतल्या मोठ्या हॉलमधून. जिथे उतार नाही तिथे मिस्त्री आधी जाऊन सुतळीने मोजून यायचे आणि प्रणालीचे बाबा हातगाडीवरून फळ्या न्यायचे. बिदागी आली की सगळ्यांना सारखी वाटायचे. प्रणालीच्या वाट्याला दर खेपेला चारशे यायचे. ते ती हातात धरून घरी आणायची, रात्रभर उशाशी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना द्यायची. मी एकदा म्हटलं, त्यातून एखादा ड्रेस घे. तर म्हणाली, "आई, आधी फळी."

वर्षभराची उधारी होती. दोन हजार चारशे.

भंडाऱ्याला जायच्या आदल्या संध्याकाळी मिस्त्री हॉलमध्ये बसले होते. फळीवर बाकी कोणाचंच नाव नव्हतं, फक्त घरमालकीण. प्रणालीने शेवटचे चारशे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी नोटा उजेडात धरून पाहिल्या, नीट मोजल्या, जाकिटाच्या सुतळीच्या खिशात ठेवल्या. सोडून देतो, राहू दे पोरी, असं काही म्हणाले नाहीत. म्हटलं असतं तर प्रणालीने ते नोटांसकट परत केलं असतं.

मग फळी मांडीवर आडवी घेतली आणि रंधा काढला. एकच हात मारला. लाकडाची कुरळी साल वर आली, तिच्यावर त्यांच्या पेन्सिलची अक्षरं वळून आत गेली. त्यांनी फुंकर मारली आणि ती साल प्रणालीच्या मांडीवर ठेवली.

"पावती," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पुस्तक, हे लिहून ठेवजो."

साल या वहीत ठेवली आहे, थोडी मोडली. फळी अजून दाराआड आहे. वरून हात फिरवला तर तेवढी जागा किंचित खोल लागते. पैसे पूर्ण फिटले.